आठवी फेरी

“बाई, बोटं हलवून दाखवा. पाचही. हां, लाजायचं नाही, तुमचीच आहेत.”

बसवाहक बाईंनी हसत हसत बोटं हलवली. बैठकरावांनी बाईंच्या मनगटावरून ओल्या पट्टीचा शेवटचा वेढा फिरवला आणि दोन्ही तळव्यांनी प्लास्टर चोपायला घेतलं. तळव्यांनीच, बोटांनी कधीच नाही. ओल्या प्लास्टरवर बोट टेकलं की खळगा पडतो, आतल्या बाजूने तोच खळगा उंचवटा होतो आणि कातडीला टोचत राहतो. प्लास्टर उतरवल्यावर मग हाड जुळलेलं असतं, पण वर जखम असते.

“आता गरम लागेल,” ते म्हणाले. “भाजतंय की काय असं वाटेल, पण भाजत नाही. ते घट्ट होतंय.”

“बैठकराव!”

दारातून हाकेबरोबर बारीक शीळ आली, तेव्हा वर न बघताही त्यांना कळलं की शिट्टी आलाय. समोरचा दात गेल्यापासून या माणसाच्या प्रत्येक वाक्याला शीळ असायची. दात घालवला होता बैठकरावांनीच, सरावात, डाव्या हाताने, आणि त्या दिवसापासून दोघांची मैत्री जमली होती. आता शिट्टी बॉक्सिंग क्लबचा सेक्रेटरी होता. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि चेहरा लग्नपत्रिका वाटायला निघाल्यासारखा होता.

“बैठकराव हे काही त्यांचं आडनाव नाही बरं का,” तो बसवाहक बाईंना म्हणाला.

नव्या डॉक्टरांना ते आडनावच वाटायचं. हॉस्पिटलच्या पगारपत्रकावर वेगळं नाव होतं, पण ते तिथल्या तिथेच राहिलं होतं. तीस वर्षांपूर्वी विजेतेपदाच्या लढतीत, सातवी फेरी संपल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला हा माणूस आठव्या फेरीची घंटा झाली तरी उठला नाही. गावाला एवढं पुरलं. कोणी कामातून अंग काढून घेतलं की लोक म्हणायचे, “झालं, याने बैठक मारली.”

“काय आणलंयस?” बैठकरावांनी विचारलं.

शिट्टीने वर्तमानपत्र सोडलं. आत पितळी पाटी होती, नवी कोरी, आरशासारखी चकचकीत. त्यावर कोरलं होतं : ‘उजव्या हाताचे हाड मोडले असतानाही सात फेऱ्या झुंजलेला वीर.’

बैठकरावांनी ती हात पुसता पुसता वाचली. मग पुन्हा वाचली.

“कोणाचा हात?”

“म्हणजे काय? तुझा.”

“माझा कधी मोडला?”

“परवाच्या सभेत,” शिट्टी म्हणाला. बसवाहक बाई खुदकन हसल्या तसा तो जरा ओशाळला. “अरे, ऐक तरी. हॉल नवा केला. एक अख्खी भिंत जुन्या खेळाडूंच्या फोटोंना दिली. प्रत्येक फोटोखाली एक ओळ, हा समितीचा नियम. आता तुझ्या फोटोखाली काय लिहू? आपल्याला शिकवणारे मास्तर होते तोपर्यंत तुझा फोटो लावायचा विषयसुद्धा काढता येत नव्हता. आता ते नाहीत. मी म्हटलं, माझ्या हयातीत हे काम होऊ दे.”

“हात धडधाकट होता रे माझा.”

“कोण बघायला येतंय? सातव्या फेरीत तुझा उजवा फारसा चाललाही नव्हता. मी कोपऱ्यात बादली धरून उभा होतो, मला विचार.”

“चालला नाही म्हणजे मोडला नाही.”

“तू ना, हाडांचा डॉक्टर झालास इथे राहून.” शिट्टीने पाटी पुन्हा गुंडाळली. दाराशी जाऊन तो थांबला. आवाज उतरला होता. “निदान पोरीसाठी तरी कबूल कर. रोज क्लबात येते ती. बैठकरावाची पोरगी म्हणून पोरं काय काय बोलतात, तुला कुठे माहीत आहे?”

बैठकरावांना माहीत होतं. त्यांनी बादलीतलं पांढरं पाणी मोरीत ओतलं आणि नळ सोडला. पाणी पडण्याच्या आवाजात शिट्टीला त्यांचं गप्प राहणं होकारासारखं ऐकू आलं असावं. नळ बंद केला तेव्हा तो गेला होता.

* * *

संध्याकाळी मुलगी घरात शिरली ती वादळासारखी. तिला घरात बारकी म्हणत. अंगाने ती आता बापाच्या खांद्याला लागत होती, तरी बारकीच.

“बाबा! तुमचा हात मोडला होता?”

आई शिलाईमशीनवर कोणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. मशीन थांबलं.

“सेक्रेटरीकाकांनी पाटी लावली. सगळ्यांसमोर! तो जाड्या आहे ना, मला स्टूल आणून द्यायचा, ‘घे, तुमच्या घरातलं आसन’ म्हणून, त्याला मी कानाला धरून पाटी वाचायला लावली. दोनदा.” ती धापा टाकत हसत होती. “इतकी वर्षं सांगितलं का नाहीत? मोडक्या हाताने सात फेऱ्या! मी असते तर गळ्यात पाटी घालून फिरले असते.”

बैठकरावांनी तोंड उघडलं. तिचा चेहरा त्यांनी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता; पहिली लढत जिंकली तेव्हाही नाही.

“जेवून घे आधी,” ते म्हणाले.

मशीन पुन्हा सुरू झालं.

बारकी झोपायला गेल्यावर बायको दोरा तोडत म्हणाली, “अहो, लग्नाआधी पहिल्याच भेटीत तुम्ही मला काय सांगितलं होतंत, आठवतंय का?”

“आठवतंय.”

“मी विचारलंसुद्धा नव्हतं. चहा यायच्या आत तुम्ही म्हणालात, मी उठलो नाही, कारण मला उठायचं नव्हतं. नंतर कोणाकडून कळण्यापेक्षा आत्ताच ऐका. मी घरी येऊन आईला म्हटलं, पोरगा बरा आहे, स्वतःची लाज स्वतःच उचलून आणतो.” तिने पँट झटकली. “आता दुसऱ्याने आणून दिलेली शोभा तुम्हाला कशी उचलवते, ते बघते मी.”

“तिचं तोंड बघितलंस ना?”

“बघितलं. म्हणून तर बोलतेय.”

त्या आठवड्यात बैठकराव क्लबाकडे फिरकले नाहीत. उद्या सांगू, परवा सांगू, करत राहिले. एरवी सरावाला निघण्याआधी बारकीच्या हातांना पट्ट्या तेच बांधायचे. आता ती म्हणायला लागली, “मी बांधते, मला येतं.” चहाचा पेला ती डाव्या हाताने उचलते, हेही त्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं, आपला चेहरा वाचून पोर रुसली असेल. दिवसभरात गावातले हात बघणाऱ्या माणसाला घरातला हात दिसला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

* * *

शनिवारी दुपारनंतर प्लास्टरच्या खोलीत कोणी नव्हतं. बैठकराव पट्ट्यांचे डबे लावत होते. बारकी आत आली आणि तिने दार लोटून घेतलं. आज संध्याकाळी वजनं होती, उद्या लढत. तिच्या उजव्या हाताला सरावाची पट्टी तशीच होती, घामाने पिवळी पडलेली.

“बाबा, जरा घट्ट बांधून द्या ना. माझी सैल पडते.”

“सोड आधीची.”

“आधीच्या वरूनच बांधा.”

बैठकरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती. त्यांनी स्टूल ओढलं, तिला बसवलं, ट्रेमधली बोथट टोकाची कात्री घेतली.

“नको, सोडवते मी.”

“मी कापतो,” ते म्हणाले. “हात टेबलावर ठेव.”

पट्टी कापली जाताना तिने श्वास रोखून धरला. खालचा हात सुजून फुगला होता. करंगळीच्या मुळाशी मुठीचं जे टेंगूळ दिसायला हवं, ते खाली गेलं होतं आणि भोवतीची कातडी निळी-जांभळी होती. त्यांनी अंगठ्याने अगदी हलकं दाबलं. बारकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून आवाज आला नाही.

“कधी?”

“सोमवारी. जाड्याच्या कोपराला लागला.”

“सोमवारपासून यानेच मारतेयस?”

“तुम्ही सात फेऱ्या मारलंत की,” बारकी म्हणाली. “मला तर तीनच आहेत.”

बैठकरावांनी कात्री ट्रेमध्ये ठेवली. तिला घेऊन ते शेजारच्या खोलीत गेले, क्ष-किरणाचा फोटो काढून घेतला. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाला धरला आणि पेनाच्या टोकाने करंगळीच्या हाडावरची काळी रेघ दाखवली. हाड टेंगळाखालच्या बारीक भागात मोडून पुढे कललं होतं. “शस्त्रक्रिया नको,” त्या म्हणाल्या, “पण यावर पुन्हा ठोसा बसला तर सांगता येत नाही.” मग बापलेकीची तोंडं बघून त्या म्हणाल्या, “अर्ध्या प्लास्टरचा स्लॅब लावा तुम्ही, मी नंतर येऊन बघते,” आणि गेल्या.

“मी प्लास्टर घालणार नाही,” बारकी परत खोलीत आल्याबरोबर म्हणाली. “उद्यानंतर घालू. तुम्ही फक्त घट्ट बांधा. तुम्हाला येतं, तुम्ही केलंय.”

“मी नाही केलं.”

“म्हणजे?”

“माझा हात मोडला नव्हता, बारके. पाटीवरचं खोटं आहे.”

ती हसली. “मला थांबवायला सांगताय हे.”

“नाही.”

“मग तुमच्या हाताचा फोटो काढू या. चला. त्यात दिसेल.”

“नाही दिसणार,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत हाड स्वतःला सावरून घेतं. मोडून नीट जुळलेलं आणि कधीच न मोडलेलं, दोन्ही फोटोत सारखीच दिसू शकतात. कोणीही मला खोटं पाडू शकणार नाही. तुला माझ्या शब्दावरच राहावं लागेल.”

बारकीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. टेबलावर शेजारी शेजारी दोन उजवे हात होते, एक सुजलेला आणि एक म्हातारा व्हायला लागलेला.

“मग का नाही उठलात?”

“मला पुढची फेरी नको होती.”

“घाबरलात?”

“आधीच्या फेऱ्यांत घाबरलो होतो. सगळेच घाबरतात. भीती असते तोवर हात आपोआप तोंडासमोर येतात. सातव्या फेरीत एकदा ठोसा आला आणि मी तो येताना नुसता बघत राहिलो. रस्त्यावरून गाडी जावी तसा. हात वर आला नाही, आणि वाईटही वाटलं नाही. स्टुलावर बसल्यावर वाटलं, आता इथे आपलं काही काम राहिलं नाही. पण उठता आलं असतं. हे मी तुला नीट सांगतो. पाय चालत होते, डोळे दिसत होते. कदाचित शेवटपर्यंत उभा राहिलो असतो. मी ठरवून बसलो.”

“आणि मास्तर?”

“आपल्या क्लबात लढत झाली की पोराच्या पट्ट्या मास्तर कापायचे. जिंकलेला असो, मार खाल्लेला असो. कात्री त्यांच्याच खिशात असायची. त्या दिवशी त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली आणि निघून गेले. उजव्या हाताची पट्टी मी डाव्या हाताने कापली. वेळ लागला.”

बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

“म्हणजे सगळे खरंच बोलत होते,” बारकी म्हणाली. “शाळेपासून. आणि मी त्यांच्याशी मारामाऱ्या करत आले. शाळेत माझ्या बाकावर बसायची ती मुलगी, तिचा तर मी दात पाडला!”

“घराण्याची रीत आहे,” ते म्हणाले, “दाताचं तेवढं.”

तिला हसू आलं आणि त्याचा तिला राग आला. “हसवू नका! तुम्हाला कळत नाही. तुम्ही एकदा बसलात आणि सुटलात. तुम्ही बसलात म्हणून मला कधी बसताच येत नाही. ताप असला तरी जाते मी. सरावात डोळ्यांसमोर अंधारी आली तरी थांबत नाही. मी थांबले की सगळे काय म्हणणार, ते मला आधीच ऐकू येतं.”

तीस वर्षं लोकांनी जे ऐकवलं ते सगळं आपल्याच अंगावर पडतंय, असं बैठकराव समजत होते. त्यातलं अर्धं पोरीच्या अंगावर पडत होतं. आणि पाटी लागली त्या संध्याकाळी जेव्हा ते थोडं हलकं होतंय असं वाटलं, तेव्हा त्यांनी गप्प बसून तिच्या हातात आणखी जड वस्तू दिली होती.

“उद्याचं तू ठरव,” अखेर ते म्हणाले. “तुझा हात, तुझी लढत. बांधून हवं तर बांधून देतो, माझ्याइतकं चांगलं कोणी बांधणार नाही. पण माझ्या हाताच्या जोरावर जाऊ नको. माझा शाबूत होता. मोडलाय तो तुझा.”

बारकी उठली. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली कोणीतरी रुग्णवाहिका धूत होतं. ते काम संपेपर्यंत ती तिथेच होती. मग येऊन पुन्हा स्टुलावर बसली आणि हात टेबलावर ठेवला.

“घाला.”

त्यांनी बादलीत कोमट पाणी घेतलं. सूज असताना पूर्ण प्लास्टर घालत नाहीत, आतून आवळतं. म्हणून त्यांनी पट्टीच्या घड्या घालून अर्धीच पन्हळ केली, कापसावर बसवली आणि दोन्ही तळव्यांत तिचा हात धरून थांबले.

“आता गरम लागेल,” त्यांनी सवयीने सांगितलं.

“माहीत आहे,” बारकी म्हणाली. “घट्ट होतंय.”

* * *

क्लब टायरच्या गोदामाच्या वर होता. जिन्यावरच रबर आणि नव्या रंगाचा मिसळलेला वास येत होता. वजनाच्या काट्यापाशी रांग होती. बारकी रांगेत उभी राहिली नाही, सरळ टेबलापाशी गेली आणि गळ्यात अडकवलेला पांढरा हात दाखवून पंचांना म्हणाली, “मी उद्या खेळत नाही. हात मोडलाय.”

पंचांनी मान हलवली. मागून कोणीतरी, बहुतेक जाड्याच, पुरेशा मोठ्याने म्हणाला, “खाण तशी माती.”

बैठकराव दाराशी उभे होते. बारकीच्या मानेवरची शीर त्यांना तिथून दिसली. ती वळली.

“हो,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तोच बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

बैठकरावांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

“ए, ए, काय करतोस?” शिट्टी धावत आला. “कालच घासूनपुसून लख्ख केलीय!”

“धर,” बैठकराव म्हणाले आणि काढलेली पाटी त्याच्या हातात दिली. वर फोटोत एक सडपातळ पोरगा मुठी वळून उभा होता. त्याला अजून काहीच झालेलं नव्हतं.

“ओळीशिवाय फोटो ठेवता येणार नाही. समितीचा नियम आहे.”

“मग खरी ओळ लिहा,” बारकी म्हणाली. “सातवी फेरी संपली. आठवीसाठी उठला नाही.”

“असं कोणी भिंतीवर लावतं का गं?”

“नको लावूस,” बैठकराव म्हणाले. त्यांनी फोटो उतरवला. खिळा काढताना भिंतीचा मुठीएवढा पोपडा सुटून खाली आला. रंग नवा होता, पण खालची भिंत जुनीच होती.

शिट्टी पाटी छातीशी धरून उभा राहिला. “तुझं ठीक आहे रे. मीही त्या कोपऱ्यात होतो ना. तीस वर्षं. आता मी लोकांना काय सांगू?”

“सांग, बादली धरली होतीस. मस्त गार पाणी होतं. तोंडावर मारलंस तेव्हा बरं वाटलं होतं मला.” बैठकरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “हे कोणी तुला कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण ते खरं आहे.”

शिट्टीने नाक ओढलं, तेव्हा तीही शीळच वाजली. मग तो मुकाट्याने जाऊन एक वाडगा आणि पाणी घेऊन आला. एक स्टूलही आणलं. ते खाली ठेवताना त्याच्या लक्षात आलं आणि तो कावराबावरा झाला.

“ठेव रे,” बैठकराव म्हणाले. “हात पुरायला नको का?”

हॉस्पिटलमधून येताना त्यांनी उरलेल्या प्लास्टरची पुडी आणली होती. स्क्रूची भोकं बुजवायला म्हणून आणलेली, आता ती सगळीच लागणार होती. बारकीने वाडगा डाव्या हाताने धरला. त्यांनी प्लास्टर कालवलं, स्टुलावर चढून खड्ड्यात भरलं आणि तळव्याने चोपलं, बोट न टेकवता. मागे दोरीवरच्या उड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

काम झाल्यावर ते खाली उतरले. नव्या रंगात तेवढा एक तुकडा पांढरा दिसत होता, ओला आणि सपाट.

बारकीने वाडगा खाली ठेवला, ती स्टुलावर चढली आणि तिने डावा तळवा त्या तुकड्यावर टेकवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

“गरम लागतंय का?” त्यांनी विचारलं.

“थोडं,” ती म्हणाली.